जिन्नाचे नाव, घरचा घाव

एखाद्या घरातला तरणाताठा मुलगा आठ-आठ दिवस झोपेनासा झाला, अखंड बोलू लागला, उसने पैसे काढून दुकान थाटायला निघाला, आपल्याला खास इशारे होतात असे सांगू लागला, की आमच्या मोहल्ल्यात तीन निदाने तयार असतात. पहिले, साया झाला आहे. दुसरे, कुणीतरी करणी केली आहे. बहुतेक वेळा चुलतीने. तिसरे, जवानी अंगात आली आहे, निकाह उरकून टाका. तोच मुलगा तीन महिन्यांनी अंथरुणाला खिळला, त्याचे न्हाणे-खाणे सुटले, नमाजला उठेना, मरणाच्या गोष्टी बोलू लागला, की चौथे निदान येते : ईमान कच्चे आहे. या निदानांना डॉक्टरी शिक्षण लागत नाही. ती ओट्यावर, पानटपरीवर, मय्यतीच्या सतरंजीवर फुकट मिळतात आणि ज्या घराला मिळतात त्या घराला फार महाग पडतात. आमची तक्रार या चारही निदानांविरुद्ध आहे. एका पाचव्याविरुद्धही आहे, आणि ते अशिक्षितांचे नाही, आमच्यासारख्या डी.एड., बी.एड. झालेल्यांचे आहे : 'त्यांच्या खानदानातच आहे ते. रक्तातच आहे. कोण काय करणार?'

आम्ही डॉक्टर नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, माळेगाव बुद्रुकला राहतो. (गावाचे नाव सांगितले की पाहुणे यंत्रमागाची चौकशी करतात. ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातले. आमचे माळेगाव बारामती तालुक्यातले, उसाचे.) बी.एड.ला मानसशास्त्राचा जो पेपर असतो, त्यात बुद्धिगुणांक होता, प्रेरणा होती, पण मुलाचे मन आजारी पडते तेव्हा नेमके काय होते याबद्दल फारसे काही नव्हते. ते पुढे वाचून, डॉक्टरांना विचारून आणि वर्गातली मुले बघून समजून घ्यावे लागले. तेव्हा इथे जे मांडतो आहोत ते शिक्षकाच्या नात्याने आणि या समाजाचे घटक म्हणून मांडतो आहोत.

वर ज्या मुलाचे वर्णन केले त्या आजाराला डॉक्टर बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. मराठीत द्विध्रुवीय मनोविकार. जुन्या पिढीतले डॉक्टर मॅनिक डिप्रेशन म्हणत. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला नैराश्य, आणि या दोहोंच्या मध्ये कित्येक आठवडे, कित्येक महिने, कधी वर्षे माणूस अगदी तुमच्याआमच्यासारखा. बहुतेक वेळा सुरुवात पंधरा ते पंचवीस या वयात होते. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली (त्या बारांत आपला महाराष्ट्र नव्हता, हेही जाता जाता नोंदवू). त्या पाहणीनुसार हजारात सुमारे पाच प्रौढांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो, आणि झालेल्यांपैकी सत्तर टक्क्यांना उपचार मिळत नाहीत. हे सत्तर टक्के जातात कुठे? त्यातले पुष्कळ आमच्या वरच्या चार निदानांच्या हवाली होतात.

आता एक गोष्ट बारकाईने पाहा, कारण सगळी फसगत तिथे आहे. हा आजार येतो आणि जातो. उपचार केले नाहीत तरी उन्मादाचा झटका काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी ओसरतो. मधल्या काळात घरच्यांनी काय काय केलेले असते? तीन आमिलांकडे जाऊन आलेले असतात, पाच तावीज बांधलेले असतात, पाणी फुंकून प्यायला दिलेले असते. झटका ज्या दिवशी ओसरला त्याच्या आधी जो तावीज बांधला होता तो 'लागू पडला' असे ठरते. त्या आमिलाचे नाव पाच गावांत होते. सहा महिन्यांनी आजार परत आला की तावीज खोटा ठरत नाही. मुलाने परहेज मोडले असे ठरते. म्हणजे बरे झाले तर श्रेय आमिलाचे, बिघडले तर गुन्हा आजाऱ्याचा. असा धंदा दुसरा कोणता आहे? आमच्या किराणा दुकानदाराला तो जमला असता तर तो आज बंगल्यात राहिला असता.

पण आमिलावर तोंडसुख घेऊन आम्ही मोकळे होणार नाही. ते सोपे आहे आणि आमच्यातल्या सुधारकांनी ते पुष्कळ केले आहे. मुद्दा वेगळा आहे. जिन्नाचे नाव घेतल्याने एक फार मोठी सोय होते : घरातल्या कुणाकडेच बोट जात नाही. आणि 'रक्तात आहे' म्हटल्यानेही नेमकी तीच सोय होते. एकात दोष अदृश्य मखलूकचा, दुसऱ्यात मेलेल्या आजोबांचा. जिवंत माणसे दोन्हीकडून सुटतात.

रक्ताचे आधी पाहू. हा आजार अनुवंशाने उतरतो हे खरे आहे, आणि पुष्कळ प्रमाणात उतरतो. सर्वसाधारण लोकांत शंभरात एकापर्यंत. ज्याचे आई, वडील किंवा सख्खे भावंड आजारी आहे त्याच्यात शंभरात पाच ते दहा. पण याचा दुसरा अर्थ वाचा. आजारी बापाची नव्वदहून अधिक टक्के मुले या आजारापासून दूर राहतात. आणि एकाच बीजापासून झालेली जुळी भावंडे घ्या, ज्यांचे रक्त तंतोतंत सारखे : एकाला आजार झाला तर दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण चाळीस ते सत्तर टक्के सापडते, शंभर टक्के कुठेच नाही. मग उरलेल्यांना कशाने वाचवले? आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. को ८६०३२ चे तेच बेणे दोन शेतांत लावा; एका शेतात ऊस उभा राहतो, दुसऱ्यात लोळतो. बेणे एकच, जमीन, पाणी आणि राखणारा वेगळा. बेण्याला दोष देणारा शेतकरी आधी आपला बांध तपासतो. आम्ही मात्र मुलगी बघायला जाताना बेणे तपासतो आणि स्वतःचा बांध कधी बघत नाही.

तर ही जमीन म्हणजे काय? पहिली गोष्ट, लहानपण. २०१६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी तोवर झालेले अनेक अभ्यास एकत्र करून मांडणी केली. बायपोलर असलेल्यांच्या बालपणात मारहाण, छळ, दुर्लक्ष अशा गोष्टी घडलेल्या असण्याची शक्यता इतरांच्या अडीच पटींहून जास्त निघाली. आणि यातला सर्वांत ठळक आकडा मारहाणीचा नव्हता. तो भावनिक छळाचा होता, सुमारे चौपट. म्हणजे काठीपेक्षा जबान जास्त. मुलाला रोज उठून 'मनहूस', 'निकम्मा', 'तू पैदा हुआ तबसे घर में बरकत नहीं' असे ऐकवणे. मुलीला 'पराई अमानत' म्हणता म्हणता ओझे म्हणणे. सावळीला सावळी म्हणून, मठ्ठाला मठ्ठ म्हणून, चार पाहुण्यांत. आमच्या घरांत याला छळ कुणी म्हणत नाही. याला तरबियत म्हणतात.

इथे आम्ही आमच्याच पेशाकडे वळतो. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी घातली. छडी पुष्कळ शाळांतून गेली. पण बाकावर उभे करून 'तेरा बाप भी ऐसा ही था' म्हणणे गेले का? ज्या मुलाचा बाप खरोखरच आजारी आहे, त्याच्यासाठी हे वाक्य काय असते याचा विचार शिक्षकांच्या खोलीत होतो का? आमच्या माहितीतला नववीतला एक मुलगा होता. वडील दर दीड-दोन वर्षांनी घर सोडून निघून जात, परत येत, महिनोन्‌महिने गप्प बसत. वर्गात त्याला सगळे 'पागल का' म्हणत. पुढचा शब्द उच्चारायची गरज नव्हती. मुलगा हुशार होता. दहावीच्या आधी शाळा सोडून गेला. तो आजारी पडला की नाही, आम्हाला ठाऊक नाही; न पडो. पण ज्याच्या रक्तात जोखीम आहे त्याच्याच डोक्यावर आम्ही जोखमीचा दुसरा हंडा ठेवतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

गैरसमज नको. छळ सोसलेल्या प्रत्येक मुलाला हा आजार होतो असे नाही, आणि आजार झालेल्या प्रत्येकाच्या आईबापांनी छळ केलेला असतो असे तर मुळीच नाही. एक जमाना होता, युरोप-अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टर मुलांच्या मनोविकाराचे खापर सरळ आईवर फोडत. ते शास्त्र नव्हते, तोही आसेबच होता. फक्त कोट घातलेला. आम्हाला आईला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. प्रेमळ घरातही हा आजार येतो. आम्ही म्हणतो ते इतकेच की आला, तर तो किती वेळा परतेल आणि किती जोराने परतेल यात घराचा हात असतो.

हे आमचे मत नव्हे. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड मिक्लोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्मादाच्या झटक्यानंतर रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा नऊ महिने मागोवा घेतला. ज्या घरांत टीका, टोमणे, शत्रुत्वाची भाषा जास्त होती त्या घरांतले रुग्ण कितीतरी अधिक प्रमाणात पुन्हा आजारी पडले. पुढे याच संशोधकांनी घरच्यांना बसवून बोलायचे कसे, ऐकायचे कसे, आजाराच्या खुणा ओळखायच्या कशा हे शिकवण्याची पद्धत बसवली. औषधाच्या जोडीला असे शिक्षण मिळालेले रुग्ण लवकर सावरतात, हे नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही दिसले. आता हे घ्या आणि आमच्या एखाद्या भरल्या घरात नेऊन ठेवा. दोन खोल्या, नऊ माणसे, बेकार मोठा भाऊ, दमा असलेली आजी, आणि मध्ये तो मुलगा ज्याने उन्मादात असताना बहिणीच्या लग्नाचे चाळीस हजार उडवले. त्याला कोण काय काय म्हणत असेल? म्हणणाऱ्यांचे दुःख खरे आहे. चाळीस हजार खरेच गेले आहेत. पण ते उडवले आजाराने, आणि शिक्षा भोगतो आहे तो माणूस; हा फरक त्या घराला कुणीतरी सांगायला हवा होता. इमामसाहेबांनी सांगितला असता तर सर्वांत लवकर पटला असता.

दुसरी गोष्ट झोपेची. या आजारात झोप उडणे ही केवळ खूण नाही, ती ठिणगी आहे. सलग दोन-तीन रात्री जागरण झाले तर ज्याच्यात जोखीम आहे त्याचा उन्माद त्यातूनच पेट घेऊ शकतो. म्हणून डॉक्टर औषधाबरोबर दिनक्रमावर भर देतात : उठण्याची, जेवण्याची, झोपण्याची वेळ ठरलेली हवी. आता आमच्या भागातली रोजी-रोटी बघा. साखर कारखाना, कोणताही असो, गळिताच्या हंगामात चोवीस तास चालतो. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. एमआयडीसीतही तेच. चांगली चाललेली तब्येत पाळी बदलली की बिघडते, पण ठेकेदारीवरच्या पोराने साहेबाला काय सांगायचे? 'मला रात्रपाळी नको, मला आजार आहे' असे म्हणण्याची हिंमत कुणात आहे, आणि म्हटलेच तर दुसऱ्या दिवशी काम राहील का? त्यात काही पोरे जागण्यासाठी गांजाच्या नादी लागतात. गांजाने उन्माद वाढतो.

रमजानबद्दल आम्ही अडखळत लिहितो, कारण वाचणारे रागावतील. पण लिहितो. सहरीला उठणे, तरावीहपर्यंत जागणे, आणि आजकाल त्यानंतर बाजारात दोन-दोन वाजेपर्यंत हिंडणे. या महिन्यात झोपेचे गणित पूर्ण बदलते. मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाच्या मुसलमान डॉक्टरांनी लिथियम घेणाऱ्या रुग्णांवर रमजानमध्ये एक छोटा अभ्यास केला. तो २००० साली छापून आला. वीसच्या आसपास रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे त्या महिन्यात पुन्हा आजारी पडले, बहुतेक उन्मादाने. रक्तातले लिथियम त्याला कारण नव्हते. दिनक्रम मोडणे हे कारण असावे असे त्यांनी म्हटले. उलट पाकिस्तानातल्या एका अभ्यासात, २०१० साली, रोजा ठेवणाऱ्या रुग्णांची तब्येत बिघडली नाही असे आढळले. म्हणजे सर्वांना एकच नियम लावता येत नाही. मग करायचे काय? रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारायचे. गोळ्यांच्या वेळा इफ्तार-सहरीला बसवता येतात का, लिथियम चालू असताना उन्हाळ्यातला रोजा आणि पाण्याची कमतरता झेपेल का (शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते), हे प्रश्न डॉक्टरांचे आहेत. आणि डॉक्टर नको म्हणाले, तर आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा खुद्द कुरआनने सूरह बकरात दिलेली आहे. मधुमेहवाल्याने ही मुभा घेतली तर आमचे कुणी काही म्हणत नाही. मनाच्या आजारवाल्याने घेतली की 'बहाणा' होतो. शरीयतने दिलेली सवलत मोहल्ल्याने काढून घ्यायची, हा अधिकार मोहल्ल्याला कुणी दिला?

आता निकाहबद्दल. 'शादी करा दो, ठीक हो जाएगा.' या एका वाक्याने किती घरे बसवली आणि किती उठवली याची नोंद कुठल्याच काझीच्या दफ्तरात नसेल. जरा विचार करा. या आजारात केवळ दुःखाने झटका येतो असे नाही. मोठ्या आनंदाने, मोठ्या यशानेही उन्माद सुरू होऊ शकतो हे अभ्यासांत दिसले आहे : नोकरी लागणे, परीक्षेत पहिले येणे, लग्न. आमच्याकडचे लग्न म्हणजे काय? आठ दिवस जागरण, कर्ज, पाहुणे, मानपान, डीजे. झोप उडवायची, ताण वाढवायचा, पैसा हातात द्यायचा, आणि याला इलाज म्हणायचे! वरून मुलीच्या घरी सांगायचे नाही. मुलगी येते, पंधराव्या दिवशी नवरा रात्रभर बोलत बसतो, तिला काही कळत नाही, आणि मोहल्ला म्हणतो, 'दुल्हन के पैर अच्छे नहीं.' घ्या, निदानांत सहाव्याची भर.

मुलगी आजारी असेल तर कहाणी याहून वाईट. बायपोलर असलेल्या बाईला बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे आयुष्यातले सर्वांत धोक्याचे असतात. सुमारे पाचांतल्या एकीला या काळात तीव्र झटका येतो, आणि तो फार वेगाने येतो. रात्र-रात्र झोप नाही, शरीरात मोठे बदल, त्यात पुष्कळदा गरोदर राहिल्यावर भीतीने गोळ्या परस्पर बंद केलेल्या. आमच्याकडे जचगीचे चाळीस दिवस बाईला जपायचे असतात, हा रिवाज मुळात चांगलाच आहे. पण याच चाळीस दिवसांत ती असंबद्ध बोलू लागली, बाळाकडे बघेना, की उशाखाली सुरी, दारावर लिंबू आणि 'जचगी में साया लगा'. ज्या बाईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे तिला आम्ही खोलीत कोंडतो. चिल्ला संपला की माहेरी पाठवतो. आणि मग तलाकचा कागद, किंवा कागदही नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्याने, नवरा दोन वर्षे वेडा असेल तर बायकोला न्यायालयात जाऊन मोकळे होता येते. दोन वर्षे वाट, पुरावे, वकील. नवऱ्याला मात्र बायकोच्या पहिल्याच झटक्यात तिला सासरवाडीच्या एसटीत बसवून देता येते.

दर्ग्यांबद्दल आमची भूमिका मधली आहे, दोन्हीकडचे चिडतील. आमच्या भागातली माणसे आजाऱ्याला घेऊन पार बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्याला जातात. होळीच्या दिवशी तिथे नारळांची होळी पेटते, आजाऱ्याच्या अंगावरून उतरवलेले कपडे तिच्यात टाकतात. हिंदूही जातात, मुसलमानही जातात. प्रवास तीनशे किलोमीटरच्या पुढचा. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असणे नियमानेच बंधनकारक आहे. माळेगावहून तिथे रिक्षाने जाता येते. मग माणसे तीनशे किलोमीटर का जातात? केवळ अडाणीपणाने? आम्हाला तसे वाटत नाही. दर्ग्यात आजाऱ्याला कुणी 'पागल' म्हणत नाही. तिथे त्याच्यासारखे शंभर जण असतात. आईला ओट्यावर बसून रडता येते. केसपेपरच्या रांगेत आणि तीन मिनिटांच्या तपासणीत हे मिळत नाही, हे डॉक्टरमंडळींनीही ध्यानात घ्यावे.

पण म्हणून साखळदंडाला आम्ही श्रद्धा म्हणणार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. आत मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस जण गेले. त्यानंतर खटले झाले, सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ ने मनोरुग्णाला साखळीने बांधण्याला साफ मनाई केली. आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा आला त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने-साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे सगळे गुन्हे म्हणून लिहिले आहे. कायदा आहे. धुरीही आहे. गुजरातमध्ये उनावा येथे मीरा दातारच्या दर्ग्यावर 'दवा आणि दुआ' असा उपक्रम सुरू झाला. मुजावरच आजाऱ्याला दुआ देतात आणि तिथल्या तिथे डॉक्टरकडेही पाठवतात. श्रद्धा गेली नाही, दर्गाही ओस पडला नाही. महाराष्ट्रातल्या दर्ग्यांच्या विश्वस्तांना हे करण्यापासून कुणी अडवले आहे?

आणि जे 'हे सगळे इंग्रजी डॉक्टरांचे खूळ' म्हणतात त्यांनी स्वतःचा इतिहास तरी वाचावा. दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. त्यात दुःखाचे दोन प्रकार सांगितले, एक ज्याचे कारण दिसते ते, आणि दुसरे ज्याचे कारण दिसत नाही, जे शरीरातून उठते. कैरोत १२८४ साली उभ्या राहिलेल्या कलावूनच्या शिफाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळी व्यवस्था होती. तुर्कस्तानात एदिर्नेला सुलतान दुसरा बायझीद याने १४८८ मध्ये बांधलेल्या शिफाखान्यात मनोरुग्णांना पाण्याचा आवाज आणि संगीत ऐकवत. त्यांच्याकडे लिथियम नव्हते. ते औषध या आजारावर वापरल्याचे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये छापून जाहीर केले. औषध नव्हते तेव्हा आमचे पूर्वज कारंजी बांधत होते. आता औषध आहे आणि आम्ही साखळ्या विकत आणतो.

आमचे काही मित्र म्हणतील, सगळा दोष आपल्याच लोकांना का देता? दंगली, संशय, भाड्याने घर न मिळणे, सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलेले दारिद्र्य. यातून मन आजारी पडणार नाही तर काय? प्रश्न रास्त आहे. लंडन, नॉटिंगहॅम, ब्रिस्टल या शहरांत १९९७ ते ९९ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तिथल्या कृष्णवर्णीय अल्पसंख्याकांत उन्मादाचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळले होते. थोड्या संख्येने, तुच्छतेच्या नजरेखाली राहणे हे मनाला महाग पडते हे आम्ही नाकारत नाही. सरकारचाही हिशेब आहेच : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे, पण तालुक्याच्या गावी नियमित गोळ्या आणि लिथियमसाठी रक्ताची तपासणी मिळवायला किती हेलपाटे पडतात ते आजाऱ्याच्या बापाला विचारा. उन्मादाचा इतिहास न विचारता नुसत्या नैराश्याच्या गोळ्या लिहून देणारे डॉक्टरही आहेत. त्या गोळ्या एकट्या दिल्या तर काही रुग्णांत उन्माद उसळतो. हे सगळे मान्य. पण बाहेरून जो मार खाऊन घरी आला आहे त्याला घरात तरी दुसरा मार नको, एवढे आमच्या हातात आहे की नाही? दंगल आम्ही थांबवू शकत नसू. टोमणा थांबवू शकतो. त्याला कुठल्या आयोगाची शिफारस लागत नाही.

आम्हाला सर्वांत जास्त राग लपवण्याचा येतो. गोळी चालू आहे हे शेजारी कळू नये म्हणून आई ती डब्यात लपवते, पाहुणे आले की चार दिवस देत नाही. मुलगा बरा दिसू लागला की 'आता कशाला जहर खायचे' म्हणून बंद करते. या आजारात गोळी एकाएकी बंद करणे म्हणजे झटक्याला आवतण. आणि या आजारात आत्महत्येचा धोका इतरांच्या वीस-तीस पट असतो. 'खुदकुशी हराम है' हे त्याला ठाऊक असते, त्या माहितीने तो वाचत नाही. तो वाचतो वेळेवर कुणी विचारले तर. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते, उर्दू-हिंदीतही. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली तो लिहायला दोन मिनिटे लागतात. आम्ही आमच्या ओळखीच्या एका कमिटीला हे सुचवले, तेव्हा 'लोग क्या सोचेंगे, मस्जिद में पागलों का नंबर' असे उत्तर मिळाले.

तेव्हा पुढच्या बैठकीला, जिथे रिश्ता ठरतो आहे तिथे, वाचकहो, मुलाकडून कुणीतरी उठून सांगावे, 'आमच्या मुलाला अमुक आजार आहे, तीन वर्षांपासून गोळी चालू आहे, झोप वेळेवर लागते, कामावर जातो, डॉक्टरांचा कागद हा.' आणि मुलीच्या बापाने तो कागद हातात घेऊन वाचावा, डॉक्टरांचे नाव विचारावे, गोळी कोण आठवणीने देते ते विचारावे, तुमच्या घरात त्याच्याशी बोलतात कसे तेही विचारावे. मग हो म्हणावे किंवा नाही म्हणावे. नाही म्हटले तरी आम्ही त्या बापाला दोष देणार नाही. फक्त बाहेर येऊन चपला घालताना त्याने 'खानदान में पागलपन है' असे म्हणू नये. कारण बैठकीतल्या खोलीत पडद्यामागे त्या मुलाची आठवीतली बहीण उभी असते.